'इतर' नावाचं फोल्डर

२०२० च्या जून महिन्यातली गोष्ट. लॉकडाऊन चालू होता, ऑफिस घरात शिरलं होतं. एका सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर लोणारच्या सरोवराचे फोटो येऊन पडले. पाणी चक्क गुलाबी! बुलढाणा जिल्ह्यातलं हे उल्कापाताने झालेलं खाऱ्या पाण्याचं तळं मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा ते हिरवट होतं. आता बघावं तर कुणीतरी सरबत ओतल्यासारखं.

काकाने लिहिलं, शेवाळ असणार. आतेभावाने लिहिलं, प्रदूषण. एका मावशीने लिहिलं, कलियुग. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यात लक्ष घातलं, पाण्याचे नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं की हा रंग 'हॅलोआर्किया' नावाच्या, मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, यांचं फावलं. त्यांच्या अंगातलं गुलाबी रंगद्रव्य सगळ्या तळ्यावर दिसायला लागलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे अशी बातमी ते सोडत नाहीत.

"अरे, हे हॅलोआर्किया म्हणजे बॅक्टेरियाच ना?"

"हो बाबा, तसंच काहीतरी," मी म्हटलं. दुसऱ्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता.

उत्तर चुकीचं होतं. थोडंथोडकं नाही, साफ चुकीचं. कुणी देवमाशाला मासा म्हटलं तर बाबा वर्गात जी चूक काढतील, तिच्यापेक्षा कितीतरी मोठी. ते कळायला मला दोन वीकांत लागले, आणि त्या वाचनात एक मजेदार इतिहास हाती लागला. सजीवांच्या यादीत जिवाणूंना नक्की कुठे बसवायचं, या साध्या प्रश्नाचा इतिहास.

तर, पहिल्यापासून.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी लेवेनहूक नावाचा एक कापडवाला होता. विद्यापीठात गेलेला नाही, लॅटिन येत नाही. पण स्वतः भिंगं बनवायचा, आणि त्या एकभिंगी सूक्ष्मदर्शकांना त्याच्या हयातीत कुणाची बरोबरी करता आली नाही. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि ते पाणी भिंगाखाली धरलं. तिखटाचं कारण काही सापडलं नाही. सापडले ते वळवळणारे जीव, इतके बारीक की आधी कुणी कल्पनाही केली नव्हती. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हे पत्राने कळवलं. तिथल्या मंडळींचा विश्वास बसेना. शेवटी १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग करून पाहिला आणि 'दिसतात खरे' असं सांगितलं. १६८३ मध्ये लेवेनहूकने आपल्या दातांवरचं किटण भिंगाखाली घातलं आणि कळवलं, की माझ्या तोंडात आहेत एवढी तर आमच्या देशात माणसंही नसतील.

दिसले तर खरे, पण हे आहेत कोण? पुढची जवळजवळ शंभर वर्षं कुणाला सांगता येईना. मग आला कार्ल लिनियस. जगातल्या प्रत्येक झाडाला, प्राण्याला दोन शब्दी नाव देणारा, व्यवस्थितपणाचा महामेरू. त्याने या बारक्या जिवांचं काय केलं असेल? १७६७ च्या आवृत्तीत त्यांना 'कृमी' या वर्गाच्या तळाशी टाकलं आणि प्रजातीला नाव दिलं, 'केऑस'. म्हणजे गोंधळ!

हे वाचून मी मोठ्यांदा हसलो. आमच्या धंद्यात प्रत्येक प्रोजेक्टमध्ये 'मिसलेनियस' नावाचं एक फोल्डर असतं. कुठे ठेवायचं ते कळत नाही ती फाईल तिथे. सुरुवातीला त्यात दोन फाइली असतात. पाच वर्षांनी निम्मा प्रोजेक्ट त्यात असतो, आणि उघडून बघायची कुणाची छाती होत नाही. लिनियसने निसर्गाच्या प्रोजेक्टमध्ये तेच केलं होतं.

एकोणिसाव्या शतकात ते फोल्डर नुसतं इकडून तिकडे हललं. १८२८ मध्ये एरेनबर्गने 'बॅक्टेरियम' हे नाव काढलं (ग्रीकमध्ये अर्थ छोटी काठी), पण तो त्यांना प्राणीच समजत होता. १८५७ मध्ये नेगेलीने त्यांना बुरशीच्या, म्हणजे पर्यायाने वनस्पतींच्या घरात पाठवलं. १८६६ मध्ये हेकेलने 'मोनेरा' हा गट काढून त्याला सगळ्या सजीवांच्या तळाशी ठेवलं. १८७२ मध्ये फर्डिनांड कोनने त्यांच्या आकारावरून नीट याद्या केल्या: गोल, काठीसारखे, नागमोडी. आता आकारावरून नाती ठरवणं म्हणजे ऑफिसातले सगळे चश्मेवाले एकमेकांचे चुलतभाऊ म्हणण्यासारखं आहे. पण त्या काळी बघण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

आणि तेवढ्यात एक फार मोठी घटना घडली, जिच्यामुळे हा प्रश्नच मागे पडला. जिवाणू माणसं मारतात हे सिद्ध झालं. रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये अँथ्रॅक्सचा, १८८२ मध्ये क्षयाचा आणि १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा जिवाणू दाखवला. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने प्लेगचा जिवाणू शोधला, आणि दोनच वर्षांत तो प्लेग मुंबईत उतरला. पुढची कथा आपल्याकडच्या प्रत्येकाला कुठून ना कुठून माहीत असते. हाफकिनने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून रँडचा वध झाला.

अशा वेळी 'हा जिवाणू कुणाचा नातेवाईक?' असं विचारणार कोण? प्रश्न एकच होता, याला मारायचं कसं. ते योग्यही होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की जिवाणू म्हणजे शत्रू, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. त्याच काळात विनोग्राडस्की गंधकावर आणि अमोनियावर जगणारे जिवाणू शोधत होता, आणि लेवेनहूकच्याच डेल्फ्टमध्ये बायरिंकने १८८८ मध्ये द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमधला जिवाणू वेगळा काढला होता. हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारा तोच. आपल्याकडचा शेतकरी ज्वारीनंतर हरभरा घेतो त्यामागे हेच मंडळ काम करत असतं. पण ही बातमी प्लेगइतकी खपणारी नव्हती.

विसाव्या शतकात पेशीच्या आत डोकावता येऊ लागलं तेव्हा एक मोठा फरक लक्षात आला. आपल्या, झाडांच्या, बुरशीच्या पेशीत केंद्रक असतं, जिवाणूत नसतं. फ्रेंच शास्त्रज्ञ शातोंने सुचवलेली ही विभागणी १९६२ मध्ये स्टेनियर आणि व्हान नील यांनी जोरात मांडली: केंद्रकवाले युकॅरिओट, बिनकेंद्रकाचे प्रोकॅरिओट. त्याच निबंधात त्यांनी अशीही कबुली दिली, की जिवाणू म्हणजे काय हे आम्हाला आजवर धड सांगता आलं नाही, ही आमच्या शास्त्राला लाज आणणारी गोष्ट आहे. १९६९ मध्ये व्हिटेकरने पाच सृष्टींची पद्धत दिली, आणि मोनेरा हे नाव शाळेच्या फळ्यावर आलं.

पण बारकाईने बघा. प्रोकॅरिओटची ही व्याख्या काय आहे? 'ज्यात केंद्रक नाही ते.' म्हणजे पुन्हा 'इतर'च! नसलेल्या गोष्टीवरून गट केला की त्यात काहीही बसतं. 'ज्यांना पाठीचा कणा नाही ते' म्हटलं की गांडूळ आणि झुरळ एका घरात येतात. पण शिक्का शास्त्रीय होता, त्यामुळे आत एकच कुटुंब राहतं की दोन, हे तपासायची कुणाला गरज वाटली नाही.

ती वाटली कार्ल वोज नावाच्या माणसाला. शिक्षणाने भौतिकशास्त्रवाला, १९६४ पासून अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रस्थापित मंडळींपैकी नव्हे. त्याचं म्हणणं साधं होतं, आणि आपल्यासारख्यांना लगेच पटेल असं: बाहेरून काय दिसतं ते सोडा, सोर्स कोड वाचा. एकाच मूळ कोडच्या दोन कॉप्या वेगवेगळ्या टीमकडे गेल्या, तर जितका काळ जाईल तितके फरक वाढतात. फरक मोजले की फाटा केव्हा फुटला याचा अंदाज येतो. रेणू म्हणजे उत्क्रांतीची दफ्तरं आहेत ही कल्पना झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी १९६५ मध्ये मांडली होतीच. प्रश्न होता, कोडचा कुठला भाग वाचायचा?

वोजने निवडला रायबोसोमचा आरएनए. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. ते प्रत्येक सजीवात असतं, आणि इतकं मूलभूत काम करतं की त्यात सहज बदल चालत नाहीत. आपल्या सिस्टीममध्ये नाही का एक पंधरा वर्षं जुनी लायब्ररी असते, जिला हात लावायचा नाही असा अलिखित नियम असतो? तसं. त्याचा १६एस नावाचा भाग साधारण १५०० अक्षरांचा.

आज ही १५०० अक्षरं वाचायला दिलीत तर झटकन उत्तर येतं. तेव्हा तसं यंत्र नव्हतं. जिवाणूंना किरणोत्सारी फॉस्फरस खायला घालायचा, आरएनए काढायचा, एका विकराने त्याचे बारीक तुकडे करायचे, विजेच्या दाबाने ते तुकडे कागदावर पसरायचे आणि एक्स-रे फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून प्रत्येक तुकड्यातली अक्षरं ओळखायची. पूर्ण वाक्य मिळायचंच नाही, नुसती शब्दांची यादी मिळायची. वोज दिवसचे दिवस प्रकाशाच्या टेबलावर फिल्म टाकून ठिपके वाचत बसायचा. वर्षानुवर्षं हेच. या काळात नाव नाही, प्रसिद्धी नाही. मला स्वतःला डीबगिंगमध्ये दोन दिवस काही हाती लागलं नाही की नोकरी सोडावीशी वाटते!

१९७६ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठातल्या राल्फ वुल्फने त्याला मिथेन बनवणारे जीव दिले. हे दलदलीत, गाईच्या पोटात आणि आपल्या गोबर गॅसच्या टाकीत राहतात. हवेतल्या ऑक्सिजनने मरतात म्हणून वाढवायला फार कठीण. बिल बाल्च या विद्यार्थ्याने त्यासाठी बंद बाटल्यांत, दाबाखाली वाढवायची युक्ती काढली होती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हे चारचौघांसारखे जिवाणूच.

वोजने फिल्म वाचली आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळ्या जिवाणूंत हमखास सापडणारे 'शब्द' यात नव्हतेच. पुन्हा करून पाहिलं. तेच. तो वुल्फकडे गेला आणि त्याने सांगितलं, की हे जिवाणू नाहीतच. वुल्फ आपला समजावतोय की अरे, दिसतात तर जिवाणूसारखेच. पण कोड म्हणत होता की हे जिवाणूंपासून जितके लांब, जवळजवळ तितकेच आपल्यापासूनही लांब आहेत. त्या 'इतर' फोल्डरमध्ये एक संपूर्ण वेगळी सृष्टी पडून होती, आणि तीनशे वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

नोव्हेंबर १९७७ मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांचा निबंध आला. ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी झळकली. आणि मग? सत्कार? छे. आधी पेपरात छापून आणलं म्हणून बरेच शास्त्रज्ञ भडकले. नोबेल मिळालेल्या साल्व्हादोर लुरियाने वुल्फला फोन करून सांगितलं की या वेडेपणापासून तू लांब राहा, नाहीतर तुझं नाव खराब होईल. बहुतेकांनी वाद घालायचीही तसदी घेतली नाही, नुसतं दुर्लक्ष केलं. वोज मुळात अबोल, परिषदांमध्ये फारसा न मिसळणारा. तो आणखी आत गेला.

पण पुरावे येत राहिले. म्युनिकच्या ऑटो कांडलरने दाखवलं की जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत असणारा ठरावीक पदार्थ या मंडळींच्यात नाही. त्यांच्या पेशीच्या पटलातले स्निग्ध रेणूही वेगळ्याच पद्धतीने जोडलेले निघाले. १९७८ मध्ये मिठागरांत राहणाऱ्या जिवांचीही पाळी आली. त्यांना तोवर हॅलोबॅक्टेरिया म्हणत. त्यांचा आरएनए वाचला तर तेही याच नव्या घराण्यातले! लोणारला रंग चढवणारे हेच. १९९० मध्ये वोज, कांडलर आणि व्हीलिस यांनी तीन अधिक्षेत्रं मांडली: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. १९९६ मध्ये एका आर्कियाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. निम्म्याहून जास्त जनुकं विज्ञानाला अनोळखी निघाली, तेव्हा विरोध बराचसा मावळला.

सगळा मात्र नाही. १९९८ मध्ये अर्न्स्ट मायर, विसाव्या शतकातला उत्क्रांतीशास्त्राचा भीष्माचार्य, वयाच्या ९४ व्या वर्षी म्हणाला की दोनच गट पुरेत. आर्किया आणि बॅक्टेरिया शेवटी दिसायला, वागायला सारखेच की. वोजने उत्तर दिलं. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. मायर जन्मभर पक्षी बघत आला होता. वर्गीकरण म्हणजे डोळ्यांना दिसणारी विविधता नीट लावणं, ही त्याची धारणा. वोजच्या लेखी वर्गीकरण म्हणजे वंशावळ. दिसण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

वोजला नोबेल मिळालं नाही. क्रॅफर्ड पारितोषिक मिळालं २००३ मध्ये. त्याआधी १९९२ मध्ये डच अकादमीने त्याला एक पदक दिलं होतं, जे साधारण दहा वर्षांतून एकदाच देतात. पदकाचं नाव, लेवेनहूक पदक. तो ३० डिसेंबर २०१२ ला गेला.

गोष्ट इथे संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण वोजचा वृक्षही आता जसाच्या तसा उभा नाही. एक तर जिवाणू शेजाऱ्याकडून जनुकं उसनी घेतात, जसा आपण इंटरनेटवरून कोड उचलतो. त्यामुळे फांद्या एकमेकींत गुंततात. १९५९ मध्येच जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की हगवणीचा जिवाणू औषधांना दाद न देण्याची विद्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. आज ती आपल्या सगळ्यांची डोकेदुखी झाली आहे. आणि दुसरं, २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या गाळात 'लोकी' नावाचे आर्किया सापडले, ज्यांच्यात आपल्यासारख्या पेशींची खास म्हणावीत अशी जनुकं आहेत. जपानी चमूने त्यांचा एक भाऊबंद प्रयोगशाळेत वाढवायला तब्बल १२ वर्षं घेतली आणि २०२० च्या जानेवारीत तो जगाला दाखवला. आता बरेच संशोधक मानतात की आपली फांदी वेगळी नाहीच, ती आर्कियाच्याच फांदीतून फुटलीय. त्या पेशीने कधीकाळी एक जिवाणू पोटात घेतला, तो आजही आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया म्हणून वीजखातं सांभाळतो. (हे लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये सांगितलं, तेव्हा तिचा निबंधही डझनभर नियतकालिकांनी परत पाठवला होता.)

थोडक्यात, माझे मूळ पूर्वज एक आर्किया आणि एक जिवाणू. लोणारचं ते गुलाबी पाणी म्हणजे लांबचे का होईना, घरचेच लोक.

आणि आकडे बघा. २०१८ च्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांतला कार्बन सुमारे ५५० अब्ज टन. त्यात वनस्पती ४५०, जिवाणू ७०, आर्किया ७. किडामुंगीपासून देवमाशापर्यंत सगळे प्राणी मिळून फक्त २. त्यात माणसं ०.०६. 'इतर' नक्की कोण, हे ठरवायला आकडेमोड लागू नये.

एवढं सगळं जमा करून मी एका रविवारी बाबांना फोन लावला. आधी कबूल केलं, की त्या दिवशी घाईत चुकीचं सांगितलं. मग तासभर सगळी कथा. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी जरा वेळ गप्प राहून म्हणाले, "नोकरीच्या सुरुवातीला आम्ही जिवाणूंना वनस्पती म्हणून शिकवलं. मग पुस्तक बदललं, मोनेरा शिकवलं. आता तू म्हणतोस मोनेराही नाही. म्हणजे तीस वर्षं मी मुलांना चुकीचंच सांगितलं की."

यावर काय बोलावं मला पटकन सुचेना. मग म्हटलं, "बाबा, लिनियसने चुकीचं लिहिलं, कोनने लिहिलं, स्टेनियरने लिहिलं. तुम्ही त्या त्या वेळचं सगळ्यात चांगलं व्हर्जन दिलंत. चूक तुमची नाही, माझी. मला नवं व्हर्जन उपलब्ध होतं आणि मी न बघता 'तसंच काहीतरी' म्हटलं."

ते हसले. पटलं की नाही, माहीत नाही. मास्तर माणूस, सहजासहजी पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या टाचणवहीच्या पानाचा फोटो आला. 'मोनेरा' या शब्दाला लाल शाईने गोल, बाजूला बारीक अक्षरात 'आर्किया वेगळे, पाहा १९७७'. आणि खाली एक प्रश्न: "मग विषाणू कुठे बसवायचे? सध्या सगळीकडे त्यांचाच बोलबाला आहे."

बसलोय शोधत. ते फोल्डर उघडायला बहुतेक आणखी बरेच वीकांत लागणार.